कठीण शब्द गाळू नयेत: मुलांसाठी पुस्तके निवडणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मराठी मुलांसाठी गोष्टींची पुस्तके निवडणारे शिक्षक, शालेय ग्रंथपाल आणि प्रकाशक यांस,



शाळेच्या ग्रंथालयासाठी इंग्रजी बालकादंबऱ्यांची खरेदी होते, तेव्हा मूळ संहितेपेक्षा संक्षिप्त आणि सुलभ रूपांतराला पसंती देण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की तिच्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ते गृहीतक असे की, अनोळखी शब्दाशी मूल अडखळते, अडखळले की कंटाळते आणि कंटाळले की पुस्तक मिटून ठेवते. म्हणून कठीण शब्द आधीच काढून टाकले तर वाचनाची वाट मोकळी होते. यामागे मुलांविषयीची कळकळच आहे, याबद्दल शंका नाही. परंतु ज्या शब्दांसाठी ते पुस्तक मुलाच्या हाती द्यावे, नेमके तेच शब्द या कळकळीपोटी गाळले जातात, आणि उरतो तो केवळ कथानकाचा सांगाडा. अभिजात बालकादंबरीतील कठीण शब्द हा वाचनातला अडथळा नसून त्या पुस्तकाने मुलाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट असते, हे एका पुस्तकाच्या आधारे आपल्यापुढे मांडणे आणि त्यावरून एक विनंती करणे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

ते पुस्तक म्हणजे ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाची ‘शार्लट्स वेब’ ही कादंबरी. न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने ती 15 ऑक्टोबर 1952 रोजी गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांसह प्रसिद्ध केली. व्हाइट हे ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे नामवंत लेखक होते आणि मेन राज्यातील स्वतःच्या शेतावर राहत होते. गोठ्यातले पशुपक्षी, खत, दावणी आणि उंदीर यांचे वर्णन त्यांनी रोजच्या पाहण्यातून केले आहे. पुढे 1959 मध्ये त्यांनी आपले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांची लेखनशैलीविषयक पुस्तिका सुधारून वाढवली, आणि अनावश्यक शब्द वगळावेत हा तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध नियम आहे. ही बाब येथे महत्त्वाची ठरते, कारण शब्दांच्या काटकसरीबद्दल ख्यातनाम असलेल्या या लेखकाने मुलांच्या पुस्तकात जे कठीण शब्द ठेवले, ते विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी असणे संभवत नाही. त्या जागी त्या शब्दावाचून चालणार नव्हते, म्हणूनच ते तेथे आले असे मानावे लागते.

कथानक थोडक्यात असे. विल्बर हे डुकराचे पिल्लू हिवाळ्यात कापले जाणार असते. त्याच गोठ्याच्या दारावर जाळे विणून राहणारी शार्लट ही कोळ्याची मादी त्याला वाचवण्याचे वचन देते आणि त्याची थोरवी सांगणारे शब्द आपल्या जाळ्यात विणू लागते. माणसे ते शब्द वाचून थक्क होतात आणि विल्बरचा जीव वाचतो. म्हणजे या कादंबरीत योग्य शब्द शोधणे हीच मुख्य घटना आहे, आणि शब्द चुकला तर एक जीव जाईल, हे वाचणाऱ्या मुलाला पहिल्यापासून ठाऊक असते. शब्दसंग्रहाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला शब्दाचे महत्त्व इतक्या निकडीने पटवून देता आलेले नाही.

प्रत्यक्ष भेटीत शार्लटच्या तोंडचा पहिलाच शब्द कठीण आहे. रात्रीच्या अंधारात मैत्रीचे आश्वासन देणारा आवाज सकाळी विल्बरला ‘सॅल्यूटेशन्स’ असे म्हणतो, आणि विल्बर गोंधळून जातो. मग हा अभिवादनाचा जरा भारदस्त प्रकार आहे, एरवी लोक ‘हॅलो’ म्हणतात, असा खुलासा शार्लट स्वतःच करते. विल्बरला जे कळले नाही ते वाचणाऱ्या मुलालाही कळलेले नसते, त्यामुळे पात्राचे अज्ञान आणि वाचकाचे अज्ञान एकाच वेळी दूर होते, आणि न कळणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे असे मुलाला कोठेही वाटत नाही. आपण जाळ्यात एका जागी बसून असतो हे सांगताना शार्लट ‘सेडेंटरी’ हा शब्द वापरते, माणसे सहज फसतात हे सांगताना ‘गलिबल’, आणि दोन्ही वेळा विल्बर अर्थ विचारतो व उत्तर मिळवतो. कादंबरीच्या अगदी शेवटी, शार्लट गेल्यानंतर, तिच्या पिल्लांपैकी तीन जणी गोठ्यातच राहतात आणि विल्बरला पहिली हाक मारतात ती ‘सॅल्यूटेशन्स’ याच शब्दाने. या वेळी अर्थ कोणी सांगत नाही, कारण तो सांगण्याची गरज उरलेली नसते. वाचक मुलाने तो शब्द तोवर आपलासा केलेला असतो, आणि त्या एका शब्दात आईचा वारसा मुलींकडे आला आहे हेही त्याला उमगते. संक्षिप्त आवृत्तीत पहिल्या ठिकाणी ‘हॅलो’ घातला, तर शेवटच्या ठिकाणचा हा सारा भावार्थ नाहीसा होईल.

याहूनही बोलका प्रसंग ‘व्हर्सटाइल’ या शब्दाचा आहे. आपण अंडीही घालू शकतो असे शार्लट सांगते, तेव्हा विल्बरला नवल वाटते. त्यावर ती स्वतःला ‘व्हर्सटाइल’ म्हणवते, आणि विल्बर विचारतो की या शब्दाचा अर्थ अंड्यांनी भरलेली असा आहे काय. अनोळखी शब्दाच्या भोवतीच्या मजकुरावरून त्याच्या अर्थाचा अंदाज बांधणे, याला भाषाशिक्षणाच्या शास्त्रात संदर्भानुमान म्हणता येईल, आणि विल्बरने केले आहे ते अगदी शास्त्रशुद्ध संदर्भानुमान आहे, कारण आधीचे बोलणे अंड्यांविषयीचेच होते. तरीही त्याचा अंदाज चुकतो, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे सहज वळू शकणारा, असा खरा अर्थ शार्लट सांगते. संदर्भ मदत करतो पण कधी कधी दिशाभूलही करतो, म्हणून अंदाज बांधावा आणि तो जाणत्याकडून तपासून घ्यावा, हा शब्दार्जनाचा संपूर्ण धडा या चार-पाच ओळींच्या संवादात आलेला आहे.

जाळ्यात विणायच्या शब्दांची निवड हा तर स्वतंत्रपणे अभ्यासावा असा भाग आहे. टेम्पलटन हा उंदीर उकिरड्यावरून छापील कागदांचे तुकडे आणतो आणि शार्लट त्यांतले शब्द पारखते. मासिकातल्या जाहिरातीवरचा ‘क्रंची’ हा शब्द ती ताबडतोब नाकारते, कारण कुरकुरीत म्हटले की वाचणाऱ्याला तळलेल्या मांसाची आठवण होईल, आणि विल्बरच्या बाबतीत ती आठवण टाळणे हाच तर साऱ्या खटाटोपाचा उद्देश आहे. सदऱ्यावरच्या चिठ्ठीतला ‘प्री-श्रंक’, म्हणजे आधीच आटवलेला, हा शब्दही जमत नाही, कारण विल्बर गुबगुबीत दिसायला हवा. शेवटी साबणाच्या खोक्यावरचा ‘रेडिएंट’, म्हणजे तेजस्वी, हा शब्द समोर येतो, आणि तो विल्बरला शोभतो की नाही हे ठरवण्यासाठी त्याला उड्या मारायला आणि धावायला लावून शार्लट तो शब्द अक्षरशः पडताळून पाहते. भारतीय काव्यशास्त्राने शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आहेत: अभिधा म्हणजे सरळ वाच्यार्थ देणारी, लक्षणा म्हणजे वाच्यार्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी, आणि व्यंजना म्हणजे न सांगता सूचित करणारी. ‘क्रंची’ नाकारण्यात शार्लटने केलेला विचार हा शुद्ध व्यंजनेचा विचार आहे, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो कोणत्याही व्याख्येशिवाय समजतो. अखेरच्या ‘हम्बल’ या शब्दाच्या वेळी शार्लट त्याचे दोन अर्थ सांगते, गर्व नसलेला आणि जमिनीलगत असलेला, आणि दोन्ही विल्बरला लागू पडतात म्हणून तो शब्द पक्का होतो. एका शब्दाला अनेक अर्थ असतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे प्रसंग ठरवतो, ही गोष्ट शब्दकोशातून कळायला मुलाला पुढे बराच काळ लागतो.

अर्थात सर्व कठीण शब्द सारख्याच मोलाचे नसतात. इझाबेल बेक, मार्गारेट मकीऑन आणि लिंडा कुकन या अमेरिकन अभ्यासकांनी शब्दांचे तीन स्तर कल्पिले आहेत: बोलण्यातून आपोआप येणारे रोजचे शब्द हा पहिला, अनेक विषयांच्या लेखनात आढळणारे पण बोलण्यात क्वचित येणारे शब्द हा दुसरा, आणि एखाद्या शास्त्रापुरते मर्यादित असलेले पारिभाषिक शब्द हा तिसरा. शार्लट आपल्या पायाच्या सात भागांची शास्त्रीय नावे एका दमात सांगते, ती तिसऱ्या स्तरातली. ती मुलाने ऐकावीत, त्यांच्या नादाची गंमत घ्यावी आणि विसरली तरी हरकत नाही. ‘व्हर्सटाइल’, ‘गलिबल’, ‘हम्बल’ हे शब्द मात्र दुसऱ्या स्तरातले आहेत, आणि पुढे इतिहास, विज्ञान, वर्तमानपत्र किंवा न्यायालयाचा निकाल वाचताना ज्यांच्यावाचून अडते ते शब्द बहुतांशी याच स्तरातले असतात. शिक्षकाने वेळ द्यावा तो यांना.

मुलांच्या पुस्तकातील शब्द मोजूनमापून घालण्याची कल्पना तशी जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये इंग्रजीतील वारंवार येणाऱ्या 10,000 शब्दांची यादी शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर अमेरिकन शालेय वाचनमाला अशा याद्यांच्या आधारे रचल्या जाऊ लागल्या. याला शब्दनियंत्रण असे म्हणता येईल. डॉ. स्यूस यांचे 1957 चे ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक केवळ 236 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे आणि ते उत्कृष्ट आहे. पण ते अक्षरओळख झालेल्या मुलाला स्वतः वाचता यावे म्हणून लिहिलेले पुस्तक आहे, शब्दसंग्रह वाढवण्यासाठी नव्हे. वाचायला शिकणे आणि वाचनातून शिकणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि पहिल्या अवस्थेचा नियम दुसरीला लावल्यामुळेच आजचा घोटाळा झाला आहे. ‘द हॉबिट’ (1937) लिहिणारे ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1959 मधील एका पत्रात वयोगटाच्या ठरीव शब्दसंख्येत बसवलेल्या पुस्तकांनी चांगला शब्दसंग्रह मिळत नाही, तो आपल्या आवाक्यापेक्षा वरची पुस्तके वाचल्याने मिळतो, असे मत नोंदवले आहे. व्हाइट यांनीही 1969 मध्ये ‘द पॅरिस रिव्ह्यू’ला दिलेल्या मुलाखतीत, मन गुंतवणाऱ्या प्रसंगात आलेले अवघड शब्द मुलांना आवडतातच, अशी भूमिका घेतली. व्हाइट यांच्या भूमिकेत प्रसंगाने मन गुंतवणे ही अट आहे, आणि ती सोडली तर कठीण शब्दांची बाजू घेण्यात अर्थ उरत नाही.

लेखकांच्या मताला संशोधनाचाही आधार आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी 1988 मध्ये केलेल्या मोजणीत, इंग्रजीतील अतिपरिचित 10,000 शब्दांबाहेरचे शब्द बालपुस्तकांत दर हजारी सुमारे 31 आढळले, तर महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या प्रौढांच्या आपसांतील बोलण्यात ते 17 च्या आसपास होते; म्हणजे घरात इंग्रजी बोलणारे सुशिक्षित पालक असले तरी पुस्तकाची जागा त्यांचे बोलणे घेऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला, केवळ वाचताना ओघात होणारे शब्दार्जन, ज्याला आनुषंगिक शब्दार्जन म्हणता येईल, ते संथ असते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. स्वॅनबोर्न आणि द ग्लॉपर यांनी 1999 मध्ये अशा 20 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी 15 टक्केच शब्द मुलांना आल्याचे दिसले. न्यूझीलंडमध्ये वॉर्विक एली यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवून जे प्रयोग केले, त्यांचे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थ न सांगता गोष्ट वाचली तेव्हा सुमारे 15 टक्के आणि शिक्षकाने वाचता वाचता शब्दाचा थोडक्यात खुलासा केला तेव्हा सुमारे 40 टक्के वाढ आढळली. हा फरक घडवला तो जाता जाता बोललेल्या एखाद्या वाक्याने. शार्लट विल्बरसाठी जे करते तेच शिक्षकाने वर्गात करायचे आहे.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागेल. अमेरिकेतील मुलासाठी इंग्रजी ही घरची भाषा असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जात असली, तरी मराठी माध्यमातील मुलासाठी ती शाळेतली भाषा आहे, आणि त्याला एकेका पानावर इतके अनोळखी शब्द भेटतील की गोष्टच हाती लागणार नाही. हा आक्षेप खरा आहे. मजकुरातील एकूण शब्दांपैकी वाचकाला ओळखीचे असलेल्या शब्दांच्या प्रमाणाला शब्दव्याप्ती म्हटले, तर कथात्म मजकूर मदतीशिवाय समजण्यासाठी ती 98 टक्क्यांच्या घरात असावी लागते, असे हू आणि नेशन यांच्या 2000 मधील अभ्यासावरून दिसते. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एखादाच असावा. टॉल्किन यांचे ‘द हॉबिट’ सातवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलापुढे एकट्याने वाचायला ठेवणे म्हणूनच योग्य होणार नाही. परंतु यावरचा उपाय मूळ पुस्तकाची मोडतोड हा नसून योग्य मूळ पुस्तकाची निवड आणि जाणत्याची सोबत हा आहे. व्हाइट यांची वाक्ये लहान आहेत, त्यांच्या गोठ्यातले जग शेती पाहिलेल्या मुलाला परके नाही, आणि सर्वांत कठीण शब्दांपैकी कितीतरी शब्द पुस्तकच समजावून देते. एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी फिजी बेटांच्या ग्रामीण शाळांत, इंग्रजी परकी असलेल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे 250 गोष्टींची पुस्तके पुरवून जो प्रयोग केला, त्याचा 1983 चा अहवाल प्रसिद्ध आहे. ठरीव रचनांची घोकंपट्टी करणाऱ्या वर्गांपेक्षा गोष्टी वाचणाऱ्या वर्गांची वाचनातील आणि आकलनातील प्रगती कितीतरी अधिक होती. परकी भाषा आणि ग्रामीण शाळा ही सबब त्या मुलांना लागू पडली नाही.

हीच गोष्ट मराठी पुस्तकांनाही लागू आहे. जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके पहिलीच्या मुलाला वाचनाचा आत्मविश्वास देतात आणि तेवढ्यापुरती ती आवश्यकच आहेत; पण चौथी-पाचवीच्या मुलासाठी लिहिताना किंवा भाषांतर करतानाही ‘अष्टपैलू’, ‘भाबडा’, ‘विनीत’ असे शब्द टाळून सपाट मराठी लिहिण्याची सवय लागली, तर त्या मुलाला हे शब्द भेटणार कोठे? महाराष्ट्रातील असंख्य घरांत मुले दिवेलागणीला रामदासांचे भीमरूपी स्तोत्र म्हणत आली आहेत, आणि त्यातील सामासिक शब्द बालवाडीच्या वयात न अडखळता म्हणत आली आहेत. मुलांची जीभ आणि कान कठीण शब्दाला भीत नाहीत, याचा याहून मोठा पुरावा नको. स्तोत्राने शब्दाचा नाद दिला, अर्थ मात्र बहुधा दिला नाही. कादंबरी तो देऊ शकते, कारण तिच्यात शब्दाभोवती माणसे, हेतू आणि परिणाम असतात. मराठी भाषांतरकारांनी म्हणूनच शार्लटच्या तोंडी साधासुधा ‘नमस्कार’ न घालता ‘अभिवादन’ घालावे आणि विल्बरला त्याचा अर्थ विचारू द्यावा.

तेव्हा आपणांस विनंती अशी आहे. ग्रंथालयासाठी ‘अ‍ॅलिस’ किंवा ‘गलिव्हर’ यांची पाच संक्षिप्त रूपांतरे घेण्याऐवजी मुलांच्या आवाक्याच्या किंचित वर असलेल्या एकाच अभिजात कादंबरीच्या संपूर्ण संहितेच्या पुरेशा प्रती घ्याव्यात, आणि आठवड्यातला एक तास ती वर्गात मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवावा. वाचन सुरू होण्यापूर्वी फळ्यावर शब्दार्थांची यादी लिहू नये, कारण प्रसंगाआधी आलेला अर्थ मुलाला नको असतो; शब्द आला की एका वाक्यात खुलासा करावा, मुलाने अंदाज केला असेल तर तो आधी ऐकून घ्यावा, आणि लगेच गोष्टीकडे परतावे. प्रकरण संपल्यावर परीक्षा घेऊ नये; त्याऐवजी तोच शब्द शिक्षकाने पुढच्या काही दिवसांत शाळेतल्या एखाद्या खऱ्या प्रसंगाला वापरावा, कारण वाचून समजणारा शब्द आणि स्वतः वापरता येणारा शब्द यांतले अंतर पुन्हा पुन्हा भेटण्याने तुटते. तेच पुस्तक वर्षभरात दुसऱ्यांदा मागणाऱ्या मुलाला ते नाकारू नये. आणि प्रकाशकांनी, अभिजात बालसाहित्याची पुढची आवृत्ती काढताना, संपादकाच्या हाती लेखणी देण्यापूर्वी मूळ संहितेतला एकही कठीण शब्द गाळायचा नाही, अशी स्पष्ट सूचना द्यावी.

कळावे.